रोबोकॉनच्या रोबोला कुठली ड्राइव्ह घ्यावी: मेकॅनम, ऑम्नी, स्वर्व्ह की साधी चाकं?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. कॉलेजची टीम दुसऱ्यांदाच रोबोकॉनमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोंच्या स्पर्धेत, उतरते आहे. बारा जण आहात, हातात साधारण सात महिने आहेत आणि कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे. मागच्या वर्षी मेकॅनम चाकांचा रोबो सरावात छान पळायचा, पण स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात एक चाक शाफ्टवर मोकळं फिरायला लागलं आणि रोबो जागच्या जागी गिरक्या घेत राहिला. आता ड्राइव्हबद्दल, म्हणजे चाकं आणि मोटरींच्या रचनेबद्दल, टीममध्ये तीन मतं आहेत: ऑम्नी घेऊ, थेट स्वर्व्ह करू, किंवा मेकॅनमच ठेवू (प्रत्येक म्हणजे काय ते पुढे सांगतो). यातली सगळ्यात भरवशाची कुठली, हा पहिला प्रश्न. सीनियरांनी ठेवलेल्या जुन्या मोटरी वापराव्यात का, हा दुसरा.

मी विद्यार्थी असताना दोन वर्षं या स्पर्धेत होतो. त्यानंतर मशीन डिझाइनची नोकरी सांभाळून बरीच वर्षं वेगवेगळ्या टीमना मदत करतो आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

मागच्या वर्षी जे झालं त्याचा मेकॅनमशी संबंध नव्हता. चाक शाफ्टवर घसरलं, म्हणजे हब (चाक शाफ्टवर धरणारा मधला भाग) आणि शाफ्टचा जोड सुटला. त्याच हबवर ऑम्नी बसवलं असतं तरी तेच झालं असतं, आणि स्वर्व्हवर तर असे जोड दुपटीने असतात. त्यामुळे ‘कुठलं चाक’ याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. मोटरच्या शाफ्टपासून जमिनीपर्यंत ताकद कशी पोचते, आणि ही ड्राइव्ह तुमच्या हातून किती लवकर जमिनीवर फिरायला लागेल? माझ्या पाहण्यात ज्या टीमचा बेस, म्हणजे रोबोचा चाकांसह खालचा भाग, स्पर्धेच्या तीन महिने आधी रोज तासभर पळत होता, त्यांच्या बहुतेक चुका घरीच उघड्या पडल्या. ज्यांचा बेस शेवटच्या दहा दिवसांत जुळला त्यांच्या चुका मैदानावर दिसल्या, चाकं कुठलीही असोत.

बऱ्याच गोष्टी त्या वर्षीच्या खेळावर अवलंबून असतात, हेही आधीच सांगतो. रोबोकॉनचं सूत्र दरवर्षी बदलतं. २००८ साली पुण्यात एबीयू रोबोकॉन (आंतरराष्ट्रीय स्पर्धा) झाली तेव्हा सूत्र दहीहंडीचं होतं, ‘गोविंदा’. २०२२ साली नवी दिल्लीने यजमानपद घेतलं तेव्हा लगोरी होती. २०१९ साली उलानबातरच्या स्पर्धेत तर एका रोबोला चार पायांवर चालायचं होतं, तिथे चाकांचा वादच उरला नाही. म्हणून नियमपुस्तक आलं की सगळ्यांनी एकत्र बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. जमीन सपाट आहे की चढ किंवा पायरी आहे? तोंड एका दिशेला ठेवून रोबोला आडवं सरकायची खरोखर गरज आहे का? आणि एका सामन्यात तो एकूण किती मीटर धावणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर क्वचितच कोणी काढतं, म्हणून त्याकडे पुढे येतो.

आता पर्याय. दोन चाकांना मोटर आणि पुढे कॅस्टर (मोकळं वळणारं छोटं चाक), किंवा चारही चाकं रबराची, ही साधी ड्राइव्ह. जो रोबो फक्त एका रेषेत जाऊन माल उचलतो आणि परत येतो, त्याला हीच द्या. पकड उत्तम असते, चढ चढते आणि एका दुपारी उघडून पुन्हा जोडता येते. मुलांना ती घ्यायला कमीपणा वाटतो, हे मी दरवर्षी पाहतो. तसं वाटून घेऊ नका. तुम्ही दोन रोबो उतरवत असाल आणि दुसऱ्याचं काम तेवढंच असेल तर त्याच्यावर वाचलेले दोन महिने पहिल्या रोबोला मिळतात.

मेकॅनमच्या चाकावर ४५ अंशात तिरके रोलर असतात. चार चाकं नेहमीच्या गाडीसारखी बसतात, त्यामुळे चासी चौकोनी आणि सोपी राहते. अडचण अशी की चारही चाकांवर जवळपास सारखं वजन पडलं तरच ती सरळ आडवी सरकते. प्लायवूडच्या दोन तक्त्यांच्या सांध्यावर एखादं चाक मिलिमीटरभर उचललं गेलं की रोबो वळतो. फेकण्याची यंत्रणा पुढे आणि बॅटरी मागे, असं वजन विषम असेल तर हा त्रास रोजचाच होतो. शिवाय आडवं जाताना ताकदीचा बराच भाग रोलरच्या घर्षणात जातो.

ऑम्नी म्हणजे कडेला छोटे रोलर असलेलं, आडवंही घसरणारं चाक. अशी तीन चाकं १२० अंशांवर बसवली की एक मोठा फायदा फुकट मिळतो. तिपाईसारखी तिन्ही चाकं कायम जमिनीला टेकलेली राहतात, सस्पेन्शन लागत नाही. मोटरी आणि ड्रायव्हर (मोटरला वीज सोडणारे बोर्ड) तीनच. पण उलटण्याची भीती वाढते. मध्यापासून चाकापर्यंतचं अंतर धरा. त्याच्या निम्म्यावरच त्रिकोणाची कड येते. चार चाकांच्या चौकोनात ती कड सुमारे ०.७ पटीवर असते. तुमचा रोबो उंच असेल आणि वरून झटक्याने काही फेकणार असेल तर हा फरक जाणवतो. शिवाय तीनपैकी एक मोटर गेली की खेळ संपला.

चार ऑम्नी, कोपऱ्यांत ४५ अंशांवर. बहुतेक टीमना मी हीच सुचवतो. याचं एक कारण फारसं कोणी लक्षात घेत नाही. जमिनीवरच्या हालचाली तीनच असतात: पुढे-मागे, आडवं आणि गोल फिरणं. त्यांना तीन चाकं पुरतात. म्हणजे चारपैकी एक मोटर बंद पडली तरी उरलेल्या तिघांवर रोबो कुठेही नेता येतो, फक्त सावकाश. (गणित मेकॅनमलाही लागू आहे, पण तिथे तिरक्या रोलरच्या घर्षणामुळे तीन चाकांवर सांभाळणं जास्त अवघड जातं, असा माझा अनुभव.) यासाठी दोन गोष्टी मात्र हव्यात. बंद पडलेल्या चाकाचा ड्रायव्हर ब्रेक न लावता मोकळा सुटला पाहिजे, आणि गिअरबॉक्स चाकाकडून फिरवता आला पाहिजे. प्लॅनेटरी प्रकारचा बहुधा फिरतो, वर्म प्रकारचा सहसा फिरत नाही. प्रोग्राममध्ये चारही चाकांसाठी ‘हे चाक सोडून’ असे चार पर्याय लिहून ठेवा आणि रिमोटच्या एका बटणावर द्या. हे जमलेली टीम एक मोटर गेल्यावरही सामना पूर्ण करते.

चार चाकं टेकलेली राहावीत म्हणून पुढचा किंवा मागचा आडवा दांडा मधोमध एका बोल्टवर झुलता ठेवा. स्प्रिंग नको, डॅम्पर नको. एक १० मिमीचा बोल्ट, दोन बुश आणि दोन्हीकडे थोडी जागा. एवढ्याने तिपाईचा फायदा परत मिळतो.

स्वर्व्हमध्ये रबराचं चाकच हवं त्या दिशेला वळतं, म्हणून पकड आणि वेग दोन्ही मिळतात. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एफआरसी स्पर्धेत ती सर्रास दिसते, पण तिथे तयार मॉड्यूल (चाक, मोटरी आणि वळवण्याची यंत्रणा यांचा संच) विकत मिळतात. तुम्हाला प्रत्येक मॉड्यूल स्वतः घडवावं लागेल. चार मॉड्यूल म्हणजे आठ मोटरी, आठ ड्रायव्हर, वळण्याच्या अक्षावर चार ॲब्सोल्यूट एन्कोडर (कोन मोजणारे सेन्सर) आणि भोसरीच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये मिलिंगसाठी महिनाभर खेपा. करू नका असं म्हणत नाही. या वर्षी एक मॉड्यूल बनवा, सेकंड इयरच्या दोघांना द्या आणि टेबलावर शंभर तास फिरवा. पुढच्या वर्षी तुमच्याकडे तपासलेलं डिझाइन असेल.

आता आकडे. मोटर निवडताना जवळपास प्रत्येक टीम आधी जास्तीत जास्त वेग ठरवते आणि तिथेच चुकते. समजा रोबोला ५ मीटर जाऊन थांबायचंय आणि तो दर सेकंदाला २.५ मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवू किंवा कमी करू शकतो. कमाल वेग २.५ मीटर प्रतिसेकंद धरला तर वेग घ्यायला १ सेकंद, थांबायला १ सेकंद आणि मधलं अंतर कापायला १ सेकंद, एकूण ३. कमाल वेग ४ मीटर प्रतिसेकंद केला तर? रोबो तिथवर पोचतच नाही. साडेतीनच्या आसपास जाऊन त्याला ब्रेक लावावा लागतो आणि वेळ येतो २.८३ सेकंद. म्हणजे केवळ ०.१७ सेकंद वाचला, आणि त्यासाठी तुम्ही ताकद घालवून वेगाचा गिअर घेतलात. म्हणून वर म्हटलं, रोबो किती धावणार ते आधी लिहा. छोट्या-छोट्या अंतरांच्या खेळात वेग घेण्याची आणि थांबण्याची क्षमता मोलाची असते.

रोबो २५ किलोचा, चाकं १२७ मिमी व्यासाची, कमाल वेग २.५ धरू. २.५ च्या प्रवेगाला २५ गुणिले २.५, म्हणजे ६२.५ न्यूटन बल लागतं. चार ऑम्नी ४५ अंशांवर असल्याने सरळ जाताना प्रत्येक चाकाच्या बलाचा ०.७०७ भागच उपयोगी पडतो, म्हणून एका चाकाकडून साधारण २२ न्यूटन हवेत. त्रिज्या ०.०६३५ मीटर, म्हणजे टॉर्क (फिरवण्याची ताकद) १.४ न्यूटन-मीटर. दुकानदाराच्या भाषेत सुमारे १४ किलो-सेंमी. घर्षणासाठी ३० टक्के वाढवा, १८ ते १९ किलो-सेंमी झाले. त्या बदल्यात चाकाला रोबोपेक्षा कमी वेगाने फिरावं लागतं: २.५ गुणिले ०.७०७, म्हणजे कडेचा वेग १.७७, आणि आरपीएम आले २६६. हेच साध्या रबरी चाकांना सुमारे ३७६ आरपीएम आणि घर्षण सोडून १० किलो-सेंमी लागले असते.

तर तुम्हाला १८ किलो-सेंमी भार असताना २७० आरपीएम देणारी मोटर हवी. खोक्यावर छापलेला आरपीएम बहुतेकदा बिनभाराचा असतो आणि मोठ्या अक्षरातला टॉर्क मोटर अडकून थांबल्यावरचा. त्या दोन आकड्यांवर मोटर घेतली की ती सामन्यात अर्ध्या वेगाने धावते आणि तापते. रेटेड टॉर्क विचारा. सांगता येत नसेल तर अडकलेल्या टॉर्कच्या पाचव्या भागाच्या आसपास तिचं रोजचं काम धरा.

आता त्या चाकाकडे, ज्याने तुमचा सामना घालवला. ८ मिमीच्या डी-शाफ्टवर (एक बाजू सपाट केलेल्या शाफ्टवर) १.४ न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे शाफ्टच्या कडेला ३५० न्यूटन, जवळपास ३५ किलोचं ओझं, आणि ते हबमधून शाफ्टवर आवळलेल्या एका ४ मिमीच्या ग्रब स्क्रूच्या (बिनडोक्याच्या स्क्रूच्या) टोकावर. पूर्ण वेगात पुढे जाताना जॉयस्टिक एकदम मागे ओढली की ते कित्येक पट होतं. स्क्रू आधी केसाएवढी जागा करतो. मग प्रत्येक दिशाबदलाला हब त्या जागेत ठोकला जातो. एका आठवड्यात डी-चा सपाट भाग गोल होतो, आणि मग कितीही आवळा, ते धरत नाही. आमच्या टीमने हे एकदा भोगलंय. त्या रात्री आम्ही स्क्रू बदलत बसलो होतो, खराब झाला होता शाफ्ट.

उपाय असा. हबचं भोक नुसत्या ड्रिलने पाडू नका, ते ८.१ किंवा ८.२ होतं. ७.८ चं ड्रिल मारून ८ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवा, म्हणजे हब हाताने दाबून बसेल इतपत घट्ट येईल. हबला एका बाजूने चीर द्या आणि आडव्या बोल्टने तो शाफ्टभोवती आवळा, क्लॅम्पसारखा. शाफ्टला चावीची (शाफ्ट आणि हब अडकवणाऱ्या धातूच्या तुकड्याची) खाच असेल तर चावी घालाच. ग्रब स्क्रू राहू दे, पण हब बाहेर निघू नये एवढ्यापुरता, निळं लोकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून. मग शाफ्ट आणि हबवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ मारा. प्रत्येक सामन्यानंतर ती रेघ बघायची. तुटलेली दिसली की जोड सरकलाय, अजून सुटलेला नसला तरी. या एका रेघेने टीमना वाचवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

जमलं तर चाकाचं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर टाकूच नका. चाकाला स्वतःचा ॲक्सल द्या, दोन्ही बाजूंना बेअरिंग, आणि मोटर कपलिंगने किंवा टायमिंग बेल्टने जोडा. तुमच्या लेथवर हे काम दोन आठवड्यांचं आहे. वेळ नसेल तर निदान चाक गिअरबॉक्सच्या तोंडाजवळ आणा आणि बाहेरच्या बाजूने एक पट्टी घेऊन तीत बेअरिंग बसवा. चाक, हब आणि मोटर मिळून एक संच होऊ दे, चार बोल्ट काढले की अख्खा बाहेर येईल असा. पाचवा संच जोडून तयार ठेवा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात एक मुलगी आणि एक मुलगा मिळून तो पाच मिनिटांत बदलू शकले पाहिजेत. घड्याळ लावून सराव करा.

विजेचं थोडक्यात, कारण त्यावर वेगळं लिहावं लागेल. मोटर पूर्ण वेगात असताना एकदम उलटी चालवली तर करंट अडकलेल्या मोटरच्या करंटच्या जवळपास दुप्पट जाऊ शकतो. म्हणून वेग हळूहळू बदलणारा उतार प्रोग्राममध्ये घालाच, मोटर ड्रायव्हर आणि गिअर दोन्ही वाचतात. कंट्रोलरला मोटरच्या बॅटरीवरून थेट पुरवठा देऊ नका. चारही मोटरी एकदम उचल घेतात तेव्हा व्होल्टेज खाली जातं आणि बोर्ड रिसेट होतो. वेगळी छोटी बॅटरी द्या, ग्राउंड एकत्र ठेवा. आणि चाकाचं फिरणं मोजणाऱ्या एन्कोडरची वायर निघाली तर पीआयडीला (चाकाचा वेग सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) वाटतं की चाक थांबलंय, मग तो पूर्ण ताकद लावतो आणि रोबो कुंपणावर जाऊन आदळतो. हुकूम दिल्यावर एक दशांश सेकंदात एकही काउंट आला नाही तर ते चाक मोकळं सोडायचं, ही ओळ पहिल्या दिवशी लिहा. यानेच वरचा तीन चाकांचा पर्यायही आपोआप चालू करता येतो.

तुमच्या सात महिन्यांत मी असं बसवलं असतं: जमीन सपाट असेल आणि रोबोला निशाणा धरून आडवं सरकायचं असेल तर पहिल्या रोबोला चार ऑम्नी, झुलता दांडा, क्लॅम्प हब. दुसऱ्याला रबरी चाकं. चढ असेल आणि पहिल्यालाच तो चढायचा असेल तर नमुना बेसवर आधी तो चढ चढून बघा. रोलरवर धूळ बसली की ऑम्नी चढावर घसरतात, आणि हे कागदावर कळत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत प्लायवूडचा का होईना, बेस जमिनीवर फिरला पाहिजे. त्यावर रोबोच्या वजनाइतक्या विटा किंवा वाळूची पोती ठेवा, कारण रिकाम्या बेसवर जमलेला पीआयडी भरलेल्या रोबोवर चालत नाही. वरची यंत्रणा होईपर्यंत रोबो चालवणाऱ्याने याच विटांच्या गाडीवर हात बसवायचा.

राहिल्या जुन्या मोटरी. टाकून देऊ नका, पण तपासल्याशिवाय बसवूही नका. प्रत्येकीला नंबर द्या. बेंच सप्लायवर १२ व्होल्टला बिनभार चालवा, करंट आणि आरपीएम दोन्ही दिशांना लिहून घ्या. मग वीज बंद करून शाफ्ट बोटांनी मागेपुढे फिरवा आणि गिअरमध्ये किती प्ले आहे तो बघा. नंतर शाफ्ट आडवा हलवा, तिथे खडखड लागली तर आतलं बेअरिंग गेलेलं आहे. चार मोटरींचे आकडे एकमेकींशी जुळले तर त्या वापरा. एखादी बाकीच्यांपेक्षा बराच जास्त करंट घेत असेल किंवा दोन दिशांना वेगळ्या वेगाने फिरत असेल तर ती सरावाच्या बेसवर टाका. नवीन घ्यायच्या झाल्या तर चारऐवजी पाच घ्या, एकाच खेपेतल्या, आणि हबसाठी रीमर आणायला विसरू नका.

नियमपुस्तक आलं की रोबोचं अंदाजे वजन, चाकाचा व्यास, सगळ्यात लांब धाव आणि चढाचा कोन एवढे चार आकडे कळवा. वरचं गणित तुमच्या आकड्यांवर पुन्हा करून देतो.